पाच महिन्यांची मांजर रात्रभर ओरडते तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात एकाच वेताची दोन पिल्लं, एक मादी आणि एक नर, वय साडेपाच महिने. गेले चार दिवस मादी रात्रभर ओरडते, जमिनीवर लोळते, मागचा भाग वर करून सरपटते आणि नीट जेवत नाही. तिच्या कंबरेला मार लागला असेल का? आणि ‘नसबंदीचं ऑपरेशन पहिला माज येऊन गेल्यावर, किंवा एकदा पिल्लं झाल्यावरच करायचं’ असं सगळे सांगतात, ते खरं का?

आधी एक काम करा, मग पुढचं वाचा. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. मध्ये बंद होणारं दार हवं. जाळी, पडदा, अर्धवट लोटलेलं दार चालणार नाही. भाऊ-बहीण हे नातं आपल्या हिशेबातलं. मांजरांच्या हिशेबात ते नसतं.

आता उत्तर. तिला मार लागलेला नाही, ती माजावर आली आहे. साडेपाच महिन्यांत येणं यात वावगं काही नाही.

‘डॉक्टर, हिची कंबर मोडलीय’ म्हणून टोपलीत घालून आणलेल्या तरुण मांजरी मी इतक्या पाहिल्या आहेत की एक्स-रेचा विषय निघायच्या आधी मी शेपटीच्या मुळाशी हलका हात ठेवून बघतो. माजावरची मांजर लगेच पुढचे पाय दुमडते, मागचा भाग उचलते, शेपूट एका बाजूला घेते आणि मागच्या पायांनी जागच्या जागी पावलं टाकू लागते. कंबर दुखत असती तर तिनं माझा हात फाडला असता. घरी ओळखायची सोपी खूण म्हणजे, दुखणारी मांजर लपते आणि गप्प होते. माजावरची मांजर उलट माणसांच्या पायांत येते, दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला गाल घासते आणि ओरडते. ते ओरडणंही नेहमीच्या म्यावसारखं नसतं. लांबलेलं, खालच्या पट्टीतलं, लहान मूल रडतंय असं वाटणारं असतं. काही जणी या दिवसांत भिंतीवर किंवा पडद्यावर लघवीची फवारणीही करतात.

तीन गोष्टी मात्र माजाच्या खात्यावर टाकू नका. एक, रक्त. ज्यांनी कुत्री पाळली आहे त्यांना माज म्हणजे रक्ताचे डाग हे समीकरण पाठ असतं. मांजरीला माजात रक्त जात नाही. डाग दिसला तर त्याच दिवशी दाखवा. दोन, वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसणं आणि थेंब थेंबच लघवी होणं. तीन, अन्न पूर्ण बंद होऊन मांजर मलूल पडणं. माजात भूक कमी होते, पण मांजर तरतरीत असते.

लोक विचारतात, एवढ्या लवकर कशी? गोंधळ इथंच होतो. आपल्या डोक्यातलं माजाचं गणित गाई-म्हशींचं किंवा कुत्रीचं असतं. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि दिवसभरात तो ओसरतो. कुत्रीला वर्षातून एक-दोनदा येतो. मांजरीचं यंत्र या दोन्हींपेक्षा वेगळं आहे, आणि ते एकदा कळलं की ऑपरेशन कधी करायचं हा प्रश्न जवळजवळ आपोआप सुटतो.

मांजर वयात येते ती वाढदिवस मोजून नव्हे. शरीरानं पुरेशी वाढ गाठली, म्हणजे वजन साधारण सव्वादोन ते अडीच किलोच्या घरात आलं, आणि दिवस मोठे असले, की मेंदूकडून अंडाशयाला हुकूम जातो. बहुतेकींच्या बाबतीत हे ५ ते ९ महिन्यांच्या दरम्यान घडतं. चौथ्या महिन्यात माजावर आलेल्याही असतात. सयामी, बर्मीज अशा सडपातळ, आखूड केसांच्या जाती लवकर. पर्शियन, मेन कून या दाट केसांच्या जाती उशिरा, कधी वर्ष उलटल्यावर. संकरित किंवा साध्या मांजरी यांच्या मधोमध, पण लवकरच्या बाजूला झुकलेल्या.

उजेडाचा भाग गमतीचा आहे. अंधारात मेंदूतल्या ग्रंथीतून मेलाटोनिन पाझरतं आणि ते अंडाशयाला झोपवून ठेवतं. दिवस लांबला की मेलाटोनिन कमी होतं आणि अंडाशय जागं होतं. रोज १२ ते १४ तास उजेड मिळाला की बहुतेकींना पुरतं. म्हणून जिथं हिवाळ्यात दिवस फार लहान होतात तिथल्या मोकळ्या फिरणाऱ्या मांजरी काही महिने शांत असतात. विषुववृत्ताच्या जवळच्या प्रदेशांत अशी सुट्टी जवळजवळ नसतेच. आणि घरातल्या मांजरीचं काय? आपण रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट लावून बसतो. तिच्या दृष्टीनं वर्षभर उन्हाळाच. ‘थंडीत येत नाही म्हणे’ या भरवशावर राहिलेल्या घरांत डिसेंबरात पिल्लं झालेली मी पाहिली आहेत. एकाच वेताच्या दोन बहिणींमध्येही दोन-तीन महिन्यांचा फरक पडू शकतो. ऐन लहान दिवसांत वजन गाठणारी थांबते आणि पुढच्या लांब दिवसांत येते.

आता माज आला की पुढं काय होतं ते बघा. माज सरासरी ६-७ दिवस टिकतो. दोन-तीन दिवसांत संपणारे आणि दोन आठवडे लांबणारेही असतात. गाय, कुत्री, माणूस यांच्यात बीज ठरल्या वेळी आपोआप सुटतं. मांजरीत ते साधारणपणे समागमानंतरच सुटतं. बोक्याच्या लिंगावर बारीक काटे असतात. त्यांच्या घर्षणानं मादीच्या मेंदूला संदेश जातो, हार्मोनची लाट येते आणि एक-दोन दिवसांत बीजं सुटतात. (समागम संपताना मांजर किंचाळते आणि बोक्यावर उलटते ते त्यामुळेच.) एका वेळेनं लाट पुरेशी मोठी होतेच असं नाही, म्हणून मांजरी काही तासांत पुन्हापुन्हा, आणि वेगवेगळ्या बोक्यांशी जुगतात. एका वेतातल्या चार पिल्लांचे दोन-तीन बाप असू शकतात ते असे.

बोका मिळाला नाही तर? बीज सुटत नाही, माज ओसरतो आणि आठ-पंधरा दिवसांत पुन्हा येतो. पुन्हा ओसरतो, पुन्हा येतो. काही मांजरींमध्ये दोन माजांमधली फट इतकी अरुंद असते की घरच्यांना वाटतं महिनाभर सलगच चालू आहे. तुमच्या मांजरीचा हा चौथा दिवस; आणखी चार-पाच दिवसांत ती शांत होईल, आणि तुम्ही ‘सुटलो’ म्हणाल. त्यानंतरचे ते एक-दोन आठवडे म्हणजे तुमच्या हातातली खिडकी. लोक नेमकी ती वाया घालवतात, कारण शांत मांजर बघून ऑपरेशनची आठवण कुणाला होते?

आता मुख्य प्रश्नाकडे. मादीचं ऑपरेशन कधी? माझं उत्तर कित्येक वर्षं एकच आहे: लसीकरणाची पहिली मालिका संपली की, म्हणजे ४ ते ५ महिन्यांच्या दरम्यान, पहिल्या माजाच्या आधी. पिल्लांच्या लशी साधारण आठव्या-नवव्या आठवड्यात सुरू होऊन सोळाव्या आठवड्याच्या आसपास संपतात. शेवटच्या लशीच्या दिवशीच मी ऑपरेशनची तारीख लिहून देतो. नंतर बघू म्हटलं की नंतरची जागा माज घेतो.

पूर्वी आम्हीच सहा महिने सांगायचो. त्यामागं फार मोठं शास्त्र नव्हतं. भुलेची औषधं आणि साधनं आजच्यासारखी नव्हती, मोठा जीव हाताळायला सोपा, म्हणून तो आकडा रूढ झाला. मांजरीचा पहिला माज त्या आकड्याच्या आधी येऊ शकतो हे सगळ्यांना माहीत असूनही आकडा टिकला. २०१७ मध्ये अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशननं मांजरांची नसबंदी पाच महिन्यांचं वय होण्याआधी करावी या शिफारशीला पाठिंबा दिला. निवारागृहांत तर ८ आठवड्यांच्या, एक किलोच्या आसपासच्या पिल्लांची ऑपरेशनं नियमानं होतात आणि ती पिल्लं मोठ्यांपेक्षा लवकर उठून खेळायला लागतात. घरच्या पिल्लाबाबत मला इतकी घाई वाटत नाही. निवाऱ्यात ती गरज असते, कारण दत्तक गेलेलं पिल्लू परत येईल याची खात्री नसते.

पहिला माज होऊन गेल्यावर करणं चांगलं, हे म्हणणं कुठून आलं असेल याचा मी विचार केला आहे. ‘शरीर पूर्ण वाढू दे’ ही कल्पना त्यामागं असावी. पण माज येणं म्हणजे वाढ पूर्ण होणं नव्हे. साडेपाच महिन्यांची मांजर स्वतःच पिल्लू असते, तिचे पक्के दात नुकतेच येत असतात. लवकर ऑपरेशन केलेल्या मांजरींत लांब हाडांची टोकं थोडी उशिरा बंद होतात, म्हणजे मांजर किंचित उंच होऊ शकते. त्यानं मादीचं नुकसान होत नाही. उलट थांबण्याची किंमत मोठी आहे, आणि ती कासेत मोजावी लागते.

मांजरीच्या स्तनांत होणाऱ्या गाठींपैकी दहातल्या आठ-नऊ कर्करोगाच्या निघतात. कुत्रीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास असतं. मांजर इथं दुर्दैवी. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींमध्ये हा धोका ९१ टक्क्यांनी, आणि वर्षाच्या आत झालेल्यांमध्ये ८६ टक्क्यांनी कमी आढळला. दुसऱ्या वर्षात केलं तर फायदा ११ टक्क्यांवर उतरला, आणि दोन वर्षांनंतर तो जवळपास उरलाच नाही. म्हणजे तुमच्या मांजरीचा एक माज आला म्हणून संधी गेलेली नाही. अजून भरपूर फायदा शिल्लक आहे. पण ‘दोन-तीन वेतं होऊ देत, मग बघू’ म्हणणारे त्या फायद्यावर पाणी सोडतात. दहा-बारा वर्षांच्या मांजरीच्या पोटाला हात फिरवताना वाटाण्याएवढी टणक गाठ लागली, की मी घरच्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळतो. याशिवाय गर्भाशयात पू होण्याचा आजार आहे. अंडाशय आणि गर्भाशय काढल्यावर त्याचा प्रश्नच येत नाही.

‘एकदा तरी आई होऊ दे’ याबद्दल मी वाद घालत नाही, फक्त पाहिलेलं सांगतो. वेत झालं नाही म्हणून खंतावलेली मांजर मी पाहिलेली नाही. सहा-सात महिन्यांच्या आईला विताना अडलेलं मात्र पाहिलं आहे, आणि दूध नाही म्हणून पिल्लं सोडून खिडकीत जाऊन बसलेल्या आयाही.

तर आता तुमच्या मांजरीचं काय करायचं? माज चालू असताना ऑपरेशन करता येतं का, हे दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. करता येतं. माजात गर्भाशयाला रक्तपुरवठा वाढलेला असतो, ऊती नाजूक असतात, बांधायला जास्त काळजी आणि थोडा जास्त वेळ लागतो. सरावलेल्या हाताला तरुण मांजरीत ते जड नाही. बोका बाहेर घिरट्या घालतो आहे, घरात कोंडून ठेवणं शक्य नाही, अशी स्थिती असेल तर मी माजातच करतो. तुमच्यासारखं घर असेल, जिथं दार बंद राहू शकतं, तर माज ओसरल्यावर चार-पाच दिवसांत बोलावतो. आजच फोन करून साधारण दहा दिवसांनंतरची तारीख घ्या. महिनाभरानंतरची नको, तोवर दुसरा माज येईल.

पण या चार दिवसांत ती भावाबरोबरच होती, हेही लक्षात घ्यायला हवं. साडेपाच महिन्यांचा नर अजून कच्चा असण्याची शक्यता बरीच आहे, तरी खात्री देता येत नाही. गाभण राहिली असेल तर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आचळं गुलाबी आणि उठावदार दिसतात, आणि सोनोग्राफीत त्याच सुमारास कळतं. मांजरीची गर्भावस्था साधारण ६३ ते ६७ दिवसांची. दहा दिवसांनी ऑपरेशन झालं तर हा प्रश्न त्यातच मिटतो. डॉक्टरांना मात्र ही शक्यता आधीच सांगा, संकोच करू नका. आणि ठरलेल्या दिवसापर्यंत माज पुन्हा आला नाही म्हणून ‘राहिलीच असणार’ असा निष्कर्षही काढू नका.

ओरडणं थांबवायचे दोन उपाय तुम्हाला कुणी ना कुणी सुचवेल. दोन्ही नकोत. पहिला म्हणजे गोळी किंवा इंजेक्शन. प्रोजेस्टेरॉनच्या जातीची ही औषधं माज थांबवतात हे खरं, पण त्यांच्यामुळे गर्भाशयात पू होणं, मधुमेह, स्तनांच्या गाठी हे सगळं ओढवतं. एकाच इंजेक्शननंतर काही आठवड्यांत तरुण मांजरीची सगळी कास सुजून लिंबाएवढ्या गोळ्यांनी भरलेली मी पाहिली आहे. ती मांजर नीट चालूही शकत नव्हती. माणसांच्या गर्भनिरोधक गोळ्या तुकडे करून देणं तर त्याहून वाईट. दुसरा उपाय कापसाच्या काडीचा. समागमाचा आभास करून बीज सोडवायचं, म्हणजे माज थांबतो, अशी ती युक्ती. शास्त्र म्हणून खोटं नाही, पण घरी केल्यावर जखम आणि जंतुसंसर्ग हे हमखासचे पाहुणे, आणि जमलं तरी पुढचे पाच-सहा आठवडे खोटी गर्भावस्था. इतका उपद्व्याप करून तुम्ही मिळवता काय, तर थोडी शांत झोप. त्यापेक्षा खोलीत अंधार लवकर करा, झोपण्याआधी पंधरा मिनिटं दोरीमागं पळवा, अन्न रात्री उशिरा द्या, आणि कानात कापूस घाला. कापूस तुमच्या कानात, एवढंच लक्षात ठेवा.

खिडक्यांबद्दल एक वाक्य: माजावरची मांजर, जी कधी उंबरठा ओलांडत नाही, ती वरच्या मजल्यावरून उडी मारते.

ऑपरेशनच्या दिवशी उपाशी किती ठेवायचं हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, कारण इथं मोठ्या मांजरीचा नियम पिल्लाला लावून चूक होते. मोठ्या मांजरीला रात्रीपासून उपाशी ठेवलं तरी निभावतं. लहान पिल्लाच्या रक्तातली साखर पटकन उतरते, म्हणून त्याला काही तासच उपाशी ठेवतात. पाणी शेवटपर्यंत चालतं. भुलेतून उठताना पिल्लू गार पडतं; घरी नेताना टोपलीत जाड टॉवेल घाला. पोटाच्या मध्यरेषेवर किंवा कुशीत लहानसा छेद असतो. काही सर्जन गर्भाशयासह अंडाशय काढतात, काही फक्त अंडाशय. माज दोन्हींनी थांबतो आणि परिणामात फरक पडत नाही.

त्याच रात्री ती थोडं खाते. दुसऱ्या दिवशी ती कपाटावर चढायला बघेल, आणि तुमची खरी परीक्षा ती. सात ते दहा दिवस उड्या नकोत, टाके चाटू द्यायचे नाहीत. गळ्यातली कॉलर आवडली नाही तर अंगात घालायचा सदरा मिळतो. टाक्यांवर लालसर कड चालते. ओल, वास किंवा वाढती सूज चालत नाही. डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामकच द्या. माणसांची पॅरासिटामॉल मांजरीला मारते, अर्धी गोळीसुद्धा. मांजरीच्या यकृतात ते औषध निकामी करणारी यंत्रणाच अपुरी असते. हे मी प्रत्येकाला सांगतो, तरीही वर्षातून एखादी मांजर निळ्या हिरड्या घेऊन येतेच.

ऑपरेशननंतर मांजर लठ्ठ होते, हे अर्धं खरं आहे. तिची ऊर्जेची गरज साधारण पाव हिश्श्यानं घटते आणि भूक वाढते. भांडं पूर्वीसारखंच भरत राहिलात तर ती गोल होणारच. वाढीच्या वयात अन्न तोडायचं नाही, पण दिवसभर भरलेली वाटी ठेवणं बंद करून मोजून दोन-तीन वेळा द्या आणि महिन्यातून एकदा वजन करा. स्वभाव बदलत नाही. खेळकर मांजर खेळकर राहते, खडूस खडूसच.

ऑपरेशननंतर आठवडाभरात माजाची लक्षणं विरतात. काही महिन्यांनी, कधी वर्षानंतरही, ती पुन्हा तशीच लोळून ओरडू लागली, तर ‘सवय आहे’ म्हणून सोडू नका. अंडाशयाचा बारीकसा तुकडा आत राहिला असण्याची शक्यता असते. तो कामाला लागला की माज परत येतो. अशी मांजर माज चालू असतानाच दाखवायची, कारण त्या वेळी रक्ततपासणीत आणि सोनोग्राफीत तुकडा सापडायला सोपं जातं. तिथं लक्षणं ओसरायची वाट पाहिली तर पुरावाच ओसरतो.

राहिला भाऊ. त्याचंही ऑपरेशन त्याच दिवशी करून घ्या. दोघांची एकच फेरी, एकच वास, घरी परतल्यावर एकमेकांवर फिस्कारणंही कमी. नराचं काम पाच-दहा मिनिटांचं असतं. पण त्याची कमी दिवसांत सुटका झाली म्हणून त्याला निर्धोक समजू नका. वृषण काढल्यावरही नळ्यांत उरलेले शुक्रजंतू काही आठवडे जिवंत राहू शकतात. बहिणीचं ऑपरेशन काही कारणानं पुढं ढकललं गेलं, तर पाच-सहा आठवडे ते मधलं दार बंदच ठेवा.